तिच्या नावानं मयूरासन

माझ्या पोटावर छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत टाक्यांची रेघ आहे. आंघोळ करताना तिच्यावरून हात फिरला की मला दोन माणसं आठवतात. एक माझी बायको गयाबाई, दुसरा धोंडीबा वस्ताद. गया गेली. वस्ताद आहे. हे उलटं व्हायला पाहिजे होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. शेवगाव तालुक्यातलं आमचं गाव, घरची कोरडवाहू जमीन. नगरच्या दवाखान्यात होतो तेव्हा तिथली सिस्टर म्हणाली, "बाबा, हे सगळं लिहून काढा, कुणाचा तरी जीव वाचेल." वाचला तर चांगलंच. पण खोटं कशाला बोलू? मी काही परोपकाराला बसलेलो नाही. मला सूड घ्यायचाय. काठीनं घ्यायचा तो राहिला, म्हणून कागदावर.

आसन काय असतं ते आधी

आमच्या गावात मारुतीच्या देवळाला लागून तालीम आहे. जवानीत मी तिथंच वाढलो. वस्ताद माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. कुस्ती त्यानं शिकवली, मयूरासनही त्यानंच.

गुडघ्यांवर बसायचं. दोन्ही तळहात जमिनीवर ठेवायचे, बोटं पायांकडं. कोपरं जुळवून बेंबीपाशी पोटात रोवायची. मग अंग पुढं झोकायचं आणि पाय मागं उचलायचे. सगळं शरीर दोन हातांवर आडव्या वाशासारखं तोललं पाहिजे. पहिल्यांदा माणूस नाकावर पडतो. मीही पडलो. जमायला लागलं की मनगटं लोखंड होतात, दंड भरतात, भूक सणकून लागते, पोट साफ राहतं. यात काही खोटं नाही. मी चाळीस वर्षं अनुभवलंय.

वस्ताद म्हणायचा, "मोर साप गिळतो आन् इख पचवतो. हे आसन घालणाऱ्याला धोंडा पचंल."

साठी उलटल्यावरही मला ते जमत होतं. गावातल्या दुसऱ्या कुठल्या म्हाताऱ्याला जमत नव्हतं. याचा मला माज होता. तेवढं लिहून ठेवतो, पुढं कामाला येईल.

गयाचं दुखणं

दुष्काळाच्या आदल्या साली, ज्वारीची काढणी चालू असताना गया विळा टाकून घरी आली. चाळीस वर्षांत तिनं अर्ध्यातून काम सोडलेलं मी पाहिलं नव्हतं. बेंबीपाशी दुखत होतं, मग दुखणं उजवीकडं खाली सरकलं. ओरडायची नाही. लुगड्याचा पदर दातात धरून पडून राहायची.

ओवा झाला, हिंग लावून झाला. मग मी वस्तादाला बोलावलं. मुरगळलं, लचकलं की सगळं गाव त्याच्याकडंच जायचं. त्यानं पोट दाबून पाहिलं.

"इख साठलंय," तो म्हणाला. "मयूरासनाबिगर न्हाई जायचं."

"वस्ताद, ती कशी घालंल? तिला उठवत न्हाई."

"तिनं कशाला? तिच्या नावानं तू घाल. एकवीस दिस, खंड न पाडता. पोरगं आजारी पडलं की आई त्याच्यासाठी दंडवत घालती का न्हाई? तसंच हे."

शहरातल्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. आम्हाला वाटलं नाही. आमच्याकडं आजारी पडतो एक आणि त्याच्यासाठी अंग झिजवतो दुसरा. उपास दुसरा करतो, अनवाणी दुसरा चालतो. मग आसन का नाही?

रोज सकाळी तालमीपुढं जायचं, ओंजळीत पाणी घेऊन गयाचं नाव घ्यायचं, ते सोडायचं आणि हातांवर अंग तोलायचं. लोक जमायचे आणि मोठ्यानं आकडे मोजायचे. "किसनदादा या वयात बी मोर हाय बरं का!" मला ते ऐकू यायचं. गोड लागायचं. घरात बायको पदर चावत पडलेली, आणि मला ते गोड लागायचं.

तिसऱ्या दिवशी माझ्याच पोटात आग पडली. तशी दोन वर्षं जळजळ होतीच, तंबाखू आणि खायचा सोडा यांवर मी ती दडपत आलो होतो. पण ही आग वेगळी. वस्तादाला सांगितलं तर त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

"लागू पडलं, किसना! तिचं दुखणं तुझ्यात उतराया लागलं!"

घरी येऊन पाहतो तर गया चुलीपुढं बसलेली. ठणका थांबला होता. तिनं दोन भाकरी थापल्या. पोटात निखारा घेऊन मी त्या भाकरी खाल्ल्या. सबंध जन्मात त्या दिवसाइतका सुखी मी झालो नाही.

"अवं, तुमचं तोंड असं का झालंय?" ती म्हणाली.

"काई न्हाई. तुझं हाय ते, माझ्याकडं आलंय."

ती हसली. "माझं मला माघारी द्या. बाईचं दुखणं तुमाला शोभत न्हाई."

सहाव्या दिवशी तिला ताप भरला. पोट फळीसारखं घट्ट झालं. वस्ताद म्हणाला, "इख जाताना खवळतंच. आता खंड पाडशील तर सगळं वाया."

आठव्या दिवशी ती मला काहीतरी बोलली. ते मी शेवटी सांगणार आहे. आत्ता हात चालत नाही.

अकराव्या दिवशी सकाळी मी दोन हातांवर तोललेला असताना, लोक "बावीस, तेवीस" म्हणत असताना, शेजारीण पळत आली. मी पाय खाली टेकले. घरी गेलो तेव्हा तिचे डोळे कुणीतरी मिटलेले होते.

माझी पाळी

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी काळी. माझी लेक सुमन राहुरीकडं दिलेली आहे, ती आणि जावई तेराव्याला आलेले होते म्हणून वाचलो. शेवगावच्या डॉक्टरनं मला पाहिलं आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "नगरला न्या. आत्ता." कापसाच्या गाठी घेऊन एक ट्रक निघाला होता, त्यात मला घातलं.

सुमन उशाशी बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "आबा, आईला न्यायला नगर लांब हुतं. तुमाला बरं जवळ झालं."

नंतर नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अंग पुसायची, कूस बदलायची, भांडं द्यायची. बोलायची नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं माझा सदरा वर केला आणि थांबला.

"बाबा, बेंबीजवळ दोन्ही बाजूंना हे काळंनिळं काय? कुणी मारलं?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या पोटात जुनी जखम आहे. तिच्यावर तुम्ही रोज सकाळी अंगाचं सगळं वजन टाकत होता."

मग मी त्याला गयाचं सांगितलं. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"मधे एकदा त्यांना एकदम बरं वाटलं होतं का?"

"व्हय. तिसऱ्या दिशी. भाकरी केल्या तिनं. तुमाला कसं ठावं?"

"तेव्हा आतलं आतडं फुटलं असणार. फुटलं की ठणका थांबतो. मग पू पोटभर पसरतो. वेळेवर आणलं असतं तर तेवढा भाग कापून काढता आला असता."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस तो होता, हे वर सांगितलंच आहे.

तिचं दुखणं माझ्यात उतरलं नव्हतं. तिचं तिच्यापाशी होतं, माझं माझ्यापाशी. एका घरात आम्ही दोघं वेगवेगळे मरत होतो आणि वस्ताद बाहेर दिवस मोजत होता.

दवाखाना

कापाकापी झाली. नाकात नळी, हातात सुई. पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगतो, दुखतं त्यापेक्षा तहान वाईट. समोरच्या खाटेवरचा माणूस तांब्या उचलायचा तेव्हा मला त्याचा खून करावासा वाटायचा. सिस्टर कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवायची. तेवढ्यावर मी दिवस काढला. देवळात कधी एवढा प्रसाद मिळाला नाही.

बाकी सगळं ठरलेलं. सकाळी फिनेलचा वास, मग काखेत ताप मोजायची काच, मग डॉक्टरची फेरी, मग भेटायला येणाऱ्यांचे डबे, ज्यातलं मला काही चालत नव्हतं. भीती कधी वाटायची? शेजारची खाट रिकामी होऊन तिच्यावर नवी चादर पडली की.

मी जगलो कशावर तर रागावर. पडल्या पडल्या मी वस्तादाला रोज मारायचो. समोरच्या खाटेवर राहुरीकडचा उसाचा गाडीवान होता, पाय मोडलेला. त्याला मी सगळं सांगून टाकलं होतं. सकाळी उठला की तो विचारायचा,

"म्हातारबा, आज कशानं मारला?"

"वरवंट्यानं."

"ब्येस. काल नुसत्या शिव्यांवर भागवलं हुतं. तब्येत सुधारती तुमची."

सिस्टर ऐकायची. म्हणायची, "राग येतोय म्हणजे ताकद येतेय. पण टाके ओले आहेत बाबा, हळू रागवा."

दहाव्या दिवशी मला पहिल्यांदा पेज दिली. सुमननं वाटी तोंडाशी आणली आणि तशीच धरून ठेवली.

"आबा, एकच इचारते. आई दवाखान्याचं काई बोलली हुती का?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं पेज पाजली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायला लागली. मी भिंतीकडं तोंड केलं तेव्हा टाके ओढले.

काठी

घरी आलो. डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं, ओझं उचलायचं नाही, तंबाखू नाही, आणि आसन तर जन्मात नाही. काठी उचलू नका असं काही तो म्हणाला नव्हता. बाभळीची काठी होती, तिला मी तेल पाजलं. रोज चार पावलं जास्त चालायचो. तालमीपर्यंत पोचायची ताकद आली की वस्तादाची गुडघी फोडायची, एवढाच हिशेब होता. दुसऱ्याला आजारातून उठायला देव लागतो, मला वस्ताद पुरला.

पाऊस आला नाही. विहिरी तळाला गेल्या. गाव खडी फोडायला जाऊ लागलं. अशात एका सकाळी मी काठी घेऊन तालमीपाशी पोचलो, तर तिथं लोक मोजत होते. "अठरा, एकोणीस." मध्ये वस्तादाचा लेक महादू दोन हातांवर तोललेला.

"कुणाच्या नावानं?" मी एकाला विचारलं.

"त्याच्या बायकोच्या. कमलचं पोट लई दुखतंय कालपासनं."

मी तिथूनच मागं फिरलो. घरी येऊन दार लोटलं. काठी कोपऱ्यात ठेवली.

आता नीट ऐका, कारण हे सांगायला मला लाज वाटत नाही, वाटायला पाहिजे. मला आनंद झाला. काही करायची गरजच नव्हती. नुसतं बसून राहायचं. माझ्या घरातली गेली, त्याच्या घरातली जाईल. फिटंफाट. दोन दिवस मी असा बसलो. कमलचं वय बावीस. माझ्या दारावरून पाण्याला जाताना पदर डोक्यावर घेऊन हसायची. तरी मी बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात महादू उभा. हातात गुळाचे खडे.

"किसनकाका, तोंड गोड करा. लागू पडलं! कमल उठली. चुलीपुढं बसलीय, भाकरी करतीय."

गूळ माझ्या हातात आला. सगळ्या गल्लीत तो गूळ खात होते. त्या गुळाचा अर्थ गावात एकट्या मला माहीत होता.

मी उठलो. काठी घेतली.

"चल," मी म्हणालो. "तुझी बायको उचल."

"आँ?"

"उचल म्हणतो ना! फुटलंय तिचं आतून. माझी बी तिसऱ्या दिशीच भाकरी करत हुती."

वस्ताद दारातच बसला होता. त्यानं हात आडवा लावला. "किसना, येडा झालास काय? आराम पडलाय पोरीला. खंड पाडू नको. हिच्या जिवाचं काई झालं तर तुझ्या माथ्यावर!"

"पडू दे. माझ्या माथ्यावर एक हाय, दुसरी मावंल."

"आरं, मी तुझ्याहून चार पावसाळे जास्त..."

"वस्ताद, हात काढा. न्हाईतर हाच हात मोडतो, आन् तोच हात पोटात रोवून मोर व्हा."

सदरा वर करून मी त्याला टाके दाखवले. त्यानं पाहिले. चुलीपुढून कमल म्हणाली, "मामंजी, मला ताप आल्यावानी वाटतंय." तेव्हा कुठं त्याचा हात खाली आला.

खडीच्या कामावरचा ट्रक उभा होता. महादूनं तिला उचलून आत घातलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो, पोट दोन्ही हातांनी धरून, कारण प्रत्येक खड्ड्यात माझेच टाके उसवतील असं वाटत होतं. नगरला तोच डॉक्टर होता. तीच सिस्टर. मला बघून म्हणाली, "बाबा, आज राग कुणावर?"

कमल महिनाभर दवाखान्यात होती. दोनदा हाताबाहेर गेली, दोनदा परत आली. जगली.

लोक म्हणतात किसनदादानं उपकार केले. उपकार नाहीत. ती रोज हंडा घेऊन वस्तादाच्या डोळ्यांपुढून जाते. माझ्या शब्दावर जगलेली बाई तो रोज सकाळी बघतो आणि त्याच्या शब्दावर मेलेली बाई त्याला आठवते. गुडघी फोडली असती तर चार महिन्यांत भरून आली असती.

तालमीपुढं

कमल घरी आल्यावर वस्ताद नारळ घेऊन माझ्या दारात आला. माझ्यापेक्षा मोठा माणूस, माझ्या पायाशी वाकायला लागला.

"इथं न्हाई," मी म्हणालो. "जिथं माझ्याकडनं आसन घालून घेतलं, तिथं बोला. सगळ्यांपुढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक जमले. वस्ताद हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "गयाबाई माझ्या बोलण्यानं गेली. माझी सून बी गेली असती. मला काई कळत न्हाई दुखण्यातलं. माझ्याकडं कुनी येऊ नका."

वर्षभर मी यासाठी जगलो होतो. पेजेचा घोट घोट यासाठी गिळला होता.

कुणी तरी म्हणालं, "किसनदादा, झालं न्हवं समाधान?"

वस्तादानं माझ्याकडं पाहिलं. "किसना, आजून काई ऱ्हायलं का?"

राहिलं होतं. त्याला माहीत नव्हतं, गावाला माहीत नव्हतं, सुमनला माहीत नव्हतं. बोलायची जागा तीच होती. मी काठी टेकत घरी आलो.

वाचणाऱ्यांना

मयूरासनाचा दोष नाही. ज्याचं पोट धड आहे, मनगटं धड आहेत, त्यानं सकाळी उपाशीपोटी, जाणत्यासमोर खुशाल घालावं. फायदाच होईल. पोटात जखम असेल, जळजळ असेल, कापाकापी झालेली असेल, बाई पोटुशी असेल, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणि आसन ज्यानं घातलं त्यालाच लागू पडतं. मी जेवलो तर तुमचं पोट भरत नाही. ही गोष्ट शेंबड्या पोराला कळते, ती मला बायको गेल्यावर कळली.

पोट दुखून उजवीकडं खाली सरकलं तर गाडी जुंपा. मधेच दुखायचं थांबलं तर बैल पळवा.

वस्तादाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण सूड घ्यायचा तर पुरता घ्यावा, अर्धा घेऊ नये. दोन माणसं होती. एकाला मी तालमीपुढं उभं केलं. दुसऱ्याला इथं करतो.

सुमन सातवी शिकलेली आहे. ती हे वाचेल.

सुमे, तू दवाखान्यात विचारलं होतंस. मी खोटं बोललो. आठव्या दिवशी सकाळी मी तालमीकडं निघालो होतो. डोक्याला फडकं बांधत होतो. बाहेर लोक वाट बघत होते, मला हाका मारत होते. तुझ्या आईनं पदर दातातून काढला. म्हणाली, "अवं, मला नगरला नेता का?"

मी म्हणालो, "आता तेराच दिस ऱ्हायलेत."